८०००-२७५-१३५००

केंद्र सरकारच्या पाचव्या वेतन आयोगाच्या वेतनश्रेणी १ जानेवारी १९९६ पासून लागू झाल्या आणि पुढची दहा वर्षं चालल्या. त्या काळात सरकारी नोकरीत असलेल्यांना आपापली श्रेणी तोंडपाठ असे. ४५००-१२५-७०००, ५५००-१७५-९०००, ८०००-२७५-१३५००. पहिला आकडा म्हणजे त्या श्रेणीतलं किमान मूळ वेतन, अर्थात बेसिक. मधला आकडा दरवर्षी मिळणारी वेतनवाढ, अर्थात इन्क्रिमेंट. शेवटचा आकडा कमाल वेतन. मधले ८२७५, ८५५०, ८८२५ हे टप्पे श्रेणीच्या नावात नसत आणि ते असण्याची गरजही नव्हती. सुरुवात आणि वाढ कळली की मधला कुठलाही आकडा काढता येतो.

तो कसा काढायचा, आणि एकेक पायरी न चढता थेट कसा काढायचा, हा दहावीच्या 'अंकगणिती श्रेढी' या प्रकरणाचा गाभा आहे. बहुतेक मुलं त्यातलं सूत्र पाठ करतात, दोन उदाहरणं सोडवतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. मला याचं वाईट वाटतं. शाळेच्या बीजगणितात इतकी छोटी आणि इतक्या ठिकाणी उपयोगी पडणारी गोष्ट दुसरी क्वचितच असेल. शिवाय हे सूत्र पाठ करावंच लागत नाही. ते कुठून येतं हे एकदा दिसलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

आधी शब्द ठरवून घेऊ. ज्या रांगेत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येत एकच ठरावीक संख्या मिळवून तयार होते, ती अंकगणिती श्रेढी. रांगेतली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद. पहिल्या पदाला जुने गणिती 'आदि' म्हणत आणि ठरावीक वाढीला 'चय'. शाळेच्या पुस्तकात चयाला सामान्य फरक म्हणतात. इथे मी जुने शब्द वापरतो, ते छोटे आहेत आणि सूत्रात सुटसुटीत बसतात. कितव्याही क्रमांकाचं पद एका झटक्यात सांगणारा जो नियम, तो त्या श्रेढीचं सामान्य पद.

आता प्रश्न असा. ८०००-२७५-१३५०० या श्रेणीत किमान वेतनावर रुजू झालेल्या माणसाचं बाराव्या वर्षी मूळ वेतन किती?

पटकन सुचणारं उत्तर असं की बारा वर्षं झाली, बारा वाढी झाल्या. १२ × २७५ म्हणजे ३३००, त्यात ८००० मिळवले की ११३००. हे उत्तर चुकीचं आहे, आणि चूक नेमकी कुठे आहे ते समजणं म्हणजेच सूत्र समजणं. पहिल्या वर्षी माणूस ८००० घेतो, तेव्हा त्याला एकही वाढ मिळालेली नसते. दुसऱ्या वर्षी एक वाढ मिळालेली असते. तिसऱ्या वर्षी दोन. बाराव्या वर्षी अकरा. म्हणून उत्तर ८००० + ११ × २७५, म्हणजे ११०२५ रुपये.

हाताची पाच बोटं पसरून पाहा. बोटं पाच, पण त्यांच्यामधली बेचकी चार. पहिल्या बोटापासून पाचव्या बोटापर्यंत जायला चारच बेचकी ओलांडावी लागतात. श्रेढीतली पदं म्हणजे बोटं आणि चय बेचक्यांत राहतो. पदाचा क्रमांक कितीही असो, त्याच्या आधीच्या उड्या क्रमांकापेक्षा एकाने कमीच असणार. म्हणून

सामान्य पद = आदि + (क्रमांक − १) × चय.

सूत्र एवढंच आहे, आणि त्यातला जीव त्या कंसातल्या 'एक वजा'मध्ये आहे. परीक्षेतल्या चुका तिथे होतात, हिशेबातल्या चुका तिथेच होतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की हे सूत्र फळ्यावर लिहून प्रकरणाची सुरुवात करू नये. मुलांना पहिली पाच-सहा पदं लिहू द्यावीत, प्रत्येक पदाखाली 'इथपर्यंत किती उड्या झाल्या' ते मांडू द्यावं. शून्य, एक, दोन, तीन असं लिहीत गेलेला मुलगा सूत्र स्वतःच सांगतो, आणि मग त्याच्या हातून 'एक वजा' सहसा सुटत नाही.

हाच हिशेब उलटाही लावता येतो. ८००० पासून १३५०० पर्यंतचं अंतर ५५००, त्याला २७५ ने भागलं की २०. म्हणजे वाढी २० आणि टप्पे २१. आता ४५००-१२५-७००० घ्या: २५०० भागिले १२५, पुन्हा २०. ५०००-१५०-८००० मध्ये २०. ५५००-१७५-९००० मध्ये २०, आणि ६५००-२००-१०५०० मध्येही २०. एवढ्या श्रेणींत एकच उत्तर यावं हे ठरवून केलेल्या आखणीचं लक्षण आहे. कारकून असो वा अधिकारी, तळापासून कमाल वेतनापर्यंत पोचायला वीस वर्षं. वरच्या श्रेणींत मात्र हा काळ आखूड होत जातो. १००००-३२५-१५२०० मध्ये वाढी १६, तर १२०००-३७५-१६५०० मध्ये फक्त १२. कोणताही अहवाल न वाचता, निव्वळ तीन आकड्यांवरून एवढं कळतं.

सूत्राचा कंस सोडवून पाहिला की आणखी एक गोष्ट हाती लागते. ८००० + (क्रमांक − १) × २७५ म्हणजे २७५ × क्रमांक + ७७२५. क्रमांकाच्या जागी १ घातला की ८००० येतात, २१ घातला की ५७७५ + ७७२५, म्हणजे १३५००. यातले ७७२५ कुठून आले? ते आहेत पहिल्या पदाच्या एक पायरी खाली. कोणालाही कधी न मिळालेलं वेतन, शून्यावं पद म्हणा हवं तर. कोणत्याही अंकगणिती श्रेढीचं सामान्य पद मनातल्या मनात लिहिण्याची सोपी वाट इथे आहे. चयाने क्रमांकाला गुणायचं आणि पहिल्या पदाच्या एक पायरी मागची संख्या मिळवायची. ५, ११, १७, २३ ही रांग दिली, तर चय ६ आणि पाचाच्या मागची पायरी −१. सामान्य पद ६ × क्रमांक − १. झालं. विसावं पद हवं असेल तर १२० − १, म्हणजे ११९.

एखादी संख्या रांगेत आहे की नाही, हेही असंच तपासता येतं. १०४७५ हा या श्रेणीतला टप्पा आहे का? त्यातून ७७२५ वजा केले की २७५० उरतात, त्याला २७५ ने भागलं की १०. बरोबर दहावा टप्पा. आणि १२०००? वजाबाकी ४२७५, भागाकार पंधरा आणि वर काहीतरी. क्रमांक पूर्ण संख्येत येत नाही, म्हणून १२००० हे मूळ वेतन या श्रेणीत असूच शकत नाही.

ही नुसती गंमत नव्हती. बढती मिळाली की वेतननिश्चितीला हेच लागायचं. मूलभूत नियम २२ प्रमाणे बढती मिळालेल्याला आधी जुन्या श्रेणीत एक काल्पनिक वाढ द्यायची आणि जो आकडा येईल त्याच्या लगेच वरच्या टप्प्यावर नव्या श्रेणीत बसवायचं. समजा, कोणी ६५००-२००-१०५०० मध्ये ८७०० घेत होता आणि त्याला ८०००-२७५-१३५०० मध्ये बढती मिळाली. एक काल्पनिक वाढ धरून ८९००. नव्या श्रेणीत ८९०० हा टप्पा नाही. चौथा टप्पा ८८२५, पाचवा ९१००. म्हणून त्याचं वेतन ९१०० ठरणार. दोन श्रेढी शेजारी ठेवून एकीतलं पद दुसरीत कुठे बसतं हे पाहण्याचं काम देशभरातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षं चालत होतं.

सगळ्याच श्रेणी एवढ्या सरळ नव्हत्या. सर्वांत खालची श्रेणी होती २५५०-५५-२६६०-६०-३२००. इथे चय वाटेत बदलतो. २६६० पर्यंत ५५, नंतर ६०. या रांगेला एकच सामान्य पद लावायला गेलं तर उत्तर चुकतं. आठवा टप्पा २५५० + ७ × ५५ धरला तर २९३५ येतो. खरं पाहता २६६० हा तिसरा टप्पा आहे. तिथून आठव्यापर्यंत पाच वाढी साठ-साठच्या, म्हणजे २९६०. पंचवीस रुपयांचा फरक, आणि तो पडतो सर्वांत कमी पगाराच्या माणसाला. रांगेचा तुकडा जिथे बदलतो तिथे सूत्रही बदलावं लागतं.

चय ऋणही असू शकतो. पगारदार नोकरांच्या पतसंस्थांमध्ये कर्जफेडीची एक पद्धत चालते. मुद्दलाचा हप्ता दरमहा सारखा, आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर. एक लाख वीस हजारांचं कर्ज, बारा महिन्यांची मुदत, महिन्याला एक टक्का व्याज असं धरू. दर महिन्याला दहा हजार मुद्दल फिटतं. व्याज पहिल्या महिन्यात १२००, दुसऱ्यात ११००, तिसऱ्यात १०००. चय −१००, पहिल्या पदाच्या एक पायरी मागे १३००, म्हणून सामान्य पद १३०० − १०० × क्रमांक. बाराव्या महिन्याचं व्याज १०० रुपये. तेराव्या महिन्यासाठी सूत्र शून्य सांगतं, आणि कर्जही तोवर फिटलेलं असतं. बँकेच्या समान मासिक हप्त्याला मात्र हे लागू पडत नाही. तिथे व्याज दरमहा सारख्या रकमेने कमी होत नाही.

आतापर्यंत आदि आणि चय दोन्ही हातात होते. पण कोणतीही दोन पदं आणि त्यांचे क्रमांक कळले तरी पुरतं, आणि मला हा भाग सर्वांत आवडतो. खाशाबा जाधव यांनी कुस्तीतलं कांस्यपदक १९५२ साली हेलसिंकीत मिळवलं. ते पंधरावं ऑलिंपियाड होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीतलं कांस्य २०२४ साली पॅरिसमध्ये मिळवलं. ते तेहतिसावं. आता एवढ्यावरून आधुनिक ऑलिंपिक कधी सुरू झालं ते काढू. पंधराव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत उड्या १८, आणि वर्षं ७२. एका उडीला चार वर्षं, हा चय. पंधराव्यापासून पहिल्यापर्यंत मागे जायला उड्या १४, म्हणजे ५६ वर्षं. १९५२ मधून ५६ गेले, उरले १८९६. अथेन्सचं पहिलं ऑलिंपिक त्याच साली झालं. दोन मराठी खेळाडूंच्या पदकांवरून आपण सव्वाशेहून अधिक वर्षांच्या स्पर्धेची सगळी रांग उभी केली.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट आहे. सूत्राप्रमाणे सहावं ऑलिंपियाड १९१६ चं, बारावं १९४० चं, तेरावं १९४४ चं. या तिन्ही वर्षी महायुद्धामुळे खेळ झालेच नाहीत. तरीही त्यांचे क्रमांक राखून ठेवले गेले. ऑलिंपियाड म्हणजे चार वर्षांचा कालखंड. खेळ होवोत न होवोत, तो मोजला जातो. टोकियोचे खेळ करोनामुळे २०२१ साली झाले, पण नाव राहिलं 'टोकियो २०२०' आणि क्रमांक बत्तिसावा. १८९६ + ३१ × ४ करून पाहा, २०२० च येतात.

फुटबॉलच्या विश्वचषकाने नेमकं उलटं केलं. पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला, चय तोच चार वर्षांचा. २०२२ चा कतारमधला विश्वचषक बाविसावा. सूत्र लावलं तर बाविसाव्याचं वर्ष १९३० + २१ × ४, म्हणजे २०१४ येतं. आठ वर्षांचा फरक पडला, कारण युद्धामुळे १९४२ आणि १९४६ चे विश्वचषक झाले नाहीत आणि त्यांना क्रमांकही दिले गेले नाहीत. रांग तिथे तुटली. पहिल्या तीन स्पर्धांसाठी सामान्य पद ४ × क्रमांक + १९२६ आहे, चौथ्यापासून पुढे ४ × क्रमांक + १९३४. वेतनश्रेणीत चय बदलला होता. इथे चय तोच राहिला, पण रांग आठ वर्षांनी पुढे सरकली. सूत्राचं उत्तर वस्तुस्थितीशी जुळलं नाही तर त्या फरकातच काय घडलं त्याचा माग असतो. आठ वर्षं म्हणजे दोन हरवलेल्या स्पर्धा.

हा विचार किती जुना आहे, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ऱ्हाइंड पपायरस नावाची इजिप्तची एक गुंडाळी आहे. अहमोस नावाच्या लेखनिकाने ती इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास, त्याहून जुन्या हस्तलिखितावरून उतरवली. त्यातलं चौसष्टावं गणित असं: दहा माणसांत दहा हेकात (धान्याचं एक माप) बार्ली वाटायची, पण प्रत्येकाचा वाटा पुढच्याच्या वाट्यापेक्षा एक अष्टमांश हेकातने वेगळा असला पाहिजे. अहमोसची रीत पाहा. सरासरी वाटा एक हेकात. फरकाचं अर्ध, म्हणजे एक सोळांश, नऊ वेळा घे. दहा वेळा नाही, नऊ वेळा. ते सरासरीत मिळव, की सर्वांत मोठा वाटा मिळतो, पंचवीस सोळांश. मग एकेक अष्टमांश कमी करत उतर, शेवटचा वाटा सात सोळांश. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकाला माणसं दहा आणि फरक नऊ, हे पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या ग्रंथात श्रेढीची सरासरी काढण्याचा नियम दिला आहे. पदांच्या संख्येतून एक वजा, त्याचं अर्ध, चयाने गुणाकार, त्यात आदि. अहमोसच्या रीतीचं आणि या नियमाचं अंतरंग एकच आहे.

पण या विषयावरचं सर्वांत सुरेख मराठी भूमीशी जोडलेलं काम भास्कराचार्यांचं. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहार नावाचं स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नियम ज्या क्रमाने येतो तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी शेवटचं पद काढायला सांगतात: पदांच्या संख्येतून एक वजा करा, चयाने गुणा, आदि मिळवा. मग पहिल्या आणि शेवटच्या पदाची बेरीज निम्मी करून मधलं मूल्य. मग त्याला पदांच्या संख्येने गुणून एकूण बेरीज. बेरजेपर्यंतची वाट सामान्य पदावरूनच जाते. आज अनेक मुलं बेरजेचं सूत्र वेगळं पाठ करतात आणि त्यांना हा धागा दिसत नाही.

त्यांचं उदाहरणही ऐकण्यासारखं आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी चार द्रम्म दान दिले आणि रोज पाच-पाच द्रम्म वाढवत गेला. एका पक्षात, म्हणजे पंधरा दिवसांत, त्याने किती दिले? शेवटच्या दिवशी ४ + १४ × ५, म्हणजे ७४. मधलं मूल्य ७८ चं निम्मं, ३९. त्याला पंधराने गुणलं की ५८५ द्रम्म. पुढे एक राजा येतो, जो शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला आहे. पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो, रोज सारखाच वेग वाढवतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरच्या शत्रूच्या नगरात पोचतो. रोजची वाढ किती? इथे चय शोधायचा आहे. ऐंशीला सातने भागलं की मधल्या, म्हणजे चौथ्या दिवसाची वाटचाल मिळते. चौथ्या दिवसापर्यंत उड्या तीन. ऐंशी सप्तमांशातून दोन वजा केले की सहासष्ट सप्तमांश, त्याचा तिसरा भाग बावीस सप्तमांश. रोज २२/७ योजनं वाढ. चय पूर्ण संख्याच असला पाहिजे असं कुठे आहे? भास्कराचार्यांनी मुद्दाम अपूर्णांकाचं उदाहरण घेतलं असावं, असं मला वाटतं. सरावलेला विद्यार्थी तिथे जागा होतो.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. तीन-चार पदं पाहून 'ही अंकगणिती श्रेढी आहे' असं ठरवणं धोक्याचं आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातला पहिला स्तर पाहा: १८०००, १८५००, १९१००, १९७००, २०३००. मधले तीन आकडे पाहिले तर चय ६०० दिसतो, आणि नंतरची काही पदंही त्यात बसतात. पण पहिली उडी ५०० ची आहे, आणि पुढे उड्या ७०० च्या होतात. कारण सहाव्या आयोगापासून वाढ ठरावीक रुपयांत देणं थांबलं आणि टक्क्यांत देणं सुरू झालं, वर्षाला तीन टक्के. सातव्या आयोगाच्या तक्त्यात तो आकडा जवळच्या शंभरात बसवलेला आहे. टक्क्याने वाढणारी रांग भूमिती श्रेढीच्या जातीची असते. तिच्यात उडी दरवेळी मोठी होत जाते, फक्त सुरुवातीला ती मोठी होतेय हे जाणवत नाही. आलेखावर अंकगणिती श्रेढीचे बिंदू एका सरळ रेषेत येतात. टक्केवारीची रांग हळूहळू वर वळते. म्हणून आधी फरक स्थिर का आहे याचं कारण शोधावं. वेतनश्रेणीत नियमच तसा होता, पतसंस्थेच्या कर्जात मुद्दलाचा हप्ता सारखा होता, ऑलिंपियाडमध्ये व्याख्याच चार वर्षांची आहे. कारण सापडलं की सूत्र निर्धास्त वापरावं. नुसतं दिसतंय म्हणून वापरू नये.

एवढ्या साध्या सूत्राने गणितातल्या खोल प्रश्नांनाही हात घालता येतो. वर आलेली ५, ११, १७, २३ ही रांग पुन्हा पाहा. चारही मूळ संख्या आहेत, पुढची २९ सुद्धा. मग सगळी रांगच मूळ संख्यांची असेल का? सहावं पद ३५, तिथे रांग फसते. हा अपघात नाही. आदि पाच आहे. पाच उड्या मारल्या की ५ + ५ × ६ होतं, आणि त्याला पाचाने भाग जाणारच. आदि कोणतीही मूळ संख्या घ्या, आदिइतक्या उड्या मारल्या की जे पद येतं ते आदिच्या पटीत असतं. म्हणून चय शून्य नसेल आणि रांग वाढत जाणारी असेल, तर केवळ मूळ संख्यांची अनंत अंकगणिती श्रेढी असूच शकत नाही. चार ओळींची सिद्धता, आणि तिच्यात सामान्य पदापलीकडे काही नाही. १९९ पासून २१०-२१० ने वाढत जा, सलग दहा मूळ संख्या मिळतात, २०८९ पर्यंत. अकरावं पद २२९९, त्याला अकराने भाग जातो.

अनंत रांग मिळत नाही, पण दहाची मिळते, तर शंभराची मिळेल का? हजाराची? बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ यांनी २००४ साली सिद्ध केलं की हवी तेवढी लांबी सांगा, तेवढ्या लांबीची निव्वळ मूळ संख्यांची अंकगणिती श्रेढी अस्तित्वात आहे. ती असते एवढं त्यांची सिद्धता सांगते; प्रत्यक्ष सापडणं ही वेगळी मेहनत आहे. २०१९ साली संगणकांच्या मदतीने २७ पदांची अशी एक रांग सापडली, आणि तिच्यातल्या पहिल्या पदालाच अठरा अंक आहेत.